आंतरधर्मीय संवाद: व्यासपीठावरून उतरून गोलात बसायचं कसं?

निळीशाई

नमस्कार मंडळी.

वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकाच शहरात राहतात, तेव्हा त्यांच्यात समजूत कशी वाढावी हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. कोणी म्हणतं, सगळे धर्म अखेर एकच शिकवतात, मग भांडण कशाला? कोणी म्हणतं, हे सगळं फोटोपुरतं असतं. पहिलं म्हणणं मला पटत नाही. धर्म एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि ज्याची श्रद्धा मनापासूनची आहे त्याला ते फरक फार मोलाचे असतात. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते व्यासपीठावरच्या कार्यक्रमांबद्दल. चार धर्मगुरू ओळीने बसतात, प्रत्येक जण आपल्या ग्रंथातलं शांततेचं वचन म्हणतो, सत्कार होतात, लोक घरी जातात. कोणी कोणाला काही विचारलेलं नसतं.

मला वाटतं, संवाद शहर शांत असताना बांधावा लागतो. तो लहान गटात, त्याच त्या माणसांमध्ये, पुन्हा पुन्हा व्हावा लागतो. आणि त्यात टोचणारे प्रश्न विचारायची मुभा असावी लागते.

शांत असताना का, यासाठी भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. वस्तीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, सोबत स्थानिक पोलीस, आणि बैठका नेमाने, काही घडलेलं नसतानाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. जवळची भिवंडी शांत राहिली. मुंबईतली मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली ती या दंगलींनंतर, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने. तिचं काम मोठं आहेच. पण भिवंडीत माणसं एकमेकांना आधीपासून नावाने ओळखत होती, मुंबईत मात्र ती ओळख जखमा ओल्या असताना करून घ्यावी लागली.

टोचणाऱ्या प्रश्नांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला घर भाड्याने न देणं, मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिवर्धकाचा आवाज, धर्मांतराची भीती, आंतरधर्मीय लग्न, दफनभूमीची जागा. बैठकीत हे विषय निघाले की कोणीतरी हात जोडून म्हणतं, "वातावरण बिघडेल, नको." विषय तिथे थांबतो, पण मिटत नाही. तो आपापल्या लोकांत, दाराआड बोलला जातो, आणि तिथे उत्तर द्यायला समोरचा माणूस नसतो. मग एकाच बाजूची गोष्ट वर्षानुवर्षं मुरत राहते. प्रश्न विचारल्याने वातावरण बिघडतं, या समजुतीने आपल्या शहरांचं फार नुकसान केलं आहे असं मी ठामपणे म्हणेन.

तुमच्याकडे असे गट असतील तर ते कसे चालतात ते लिहा. आक्षेप असतील तर तेही लिहा.

---

वाटाड्या

चांगला धागा. भिवंडीबद्दल सहमत, पण त्यातून निष्कर्ष काढताना एक गोष्ट राहू नये. त्या समित्यांत लोक धर्मावर फारसे बोलतच नव्हते. पाणी, कचरा, किरकोळ भांडणं, कोणाचा मुलगा बिघडतोय, हे विषय. ओळख कामातून झाली.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांचा भारतातल्या हिंदू-मुसलमान दंगलींवरचा, २००२ साली आलेला अभ्यास याच दिशेने जातो. त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत एक शहर वारंवार पेटणारं, दुसरं बहुतांशी शांत. शोध असा होता की शेजारपाजारचे रोजचे संबंध गावात पुरतात, पण मोठ्या शहरात पुरत नाहीत. तिथे दोन्ही धर्मांची माणसं एकत्र असलेल्या संघटना लागतात: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, डॉक्टर-वकिलांच्या संस्था, राजकीय पक्षसुद्धा. १९९२ मध्ये सुरतेत हिंसा झाली ती मुख्यतः बाहेरून आलेल्या कामगारांच्या नव्या झोपडवस्त्यांत. जुन्या शहरात दोन्ही समाजांचे व्यापारी धंद्याने बांधलेले होते, तो भाग बराचसा शांत राहिला. लखनौतही हिंदू व्यापारी आणि मुसलमान कारागीर यांना भरतकामाच्या धंद्याने एकत्र ठेवलं.

म्हणून माझा आग्रह असा की "आंतरधर्मीय संवाद" असं नाव देऊन माणसं बोलावूच नका. नाव वाचून येणारे आधीच पटलेले असतात. परिसराचं काम काढा, मिश्र गट करा. ओळख मागोमाग येईल.

---

उंबरठा

मी आमच्या शहरातल्या एका अगदी लहान धार्मिक समाजातली आहे. अशा बैठकांना जाते, म्हणून आतली बाजू मांडते.

मला दर वेळी माझ्या सगळ्या धर्माची वकील व्हावं लागतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या धर्माच्या कोणी काही केलं, तर त्याचा खुलासा माझ्याकडे मागतात. बहुसंख्य समाजातल्या माणसाला असा खुलासा कोणी मागत नाही. तो स्वतःच्या वतीने बोलतो, मी लाखोंच्या वतीने. हे बरोबरीचं नातं नाही. प्रश्न विचारायची मुभा हवी, हे पूर्ण मान्य. पण प्रश्न नेहमी एकाच दिशेने वाहत असतील तर ती चौकशी होते.

दुसरं म्हणजे, प्रत्येक धर्मात आत भेद आहेत. पंथ आहेत, जात आहे, भाषा आहे, श्रीमंत-गरीब आहेत. आमच्या समाजातून बोलवायला एकच माणूस सापडतो आणि तो बहुधा सुस्थितीतला, वयस्कर पुरुष असतो. त्याचं मत ते आमचं मत असं धरून सगळे पुढे जातात. आमच्यातल्या बायकांना आणि तरुणांना काय वाटतं, हे त्या बैठकीला कधीच कळत नाही.

वाटाड्या, तुमचा नाव न देण्याचा मुद्दा आवडला, पण अर्धाच. माझ्याबरोबर नाल्यासाठी अर्ज करणारी शेजारीण माझ्याच भाचीला घर नाकारणाऱ्या सोसायटीच्या ठरावावर सही करू शकते. एकत्र काम केल्याने मी तिच्या नजरेत "आपल्यातली" झाले, माझा समाज झाला नाही. म्हणून कधीतरी धर्मावर बोलावंच लागतं.

---

निळीशाई

उंबरठा, मनापासून आभार. "चौकशी" हा तुमचा मुद्दा मी माझ्या मूळ म्हणण्याला जोडून घेते. प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलायचं, "आमचा धर्म असं म्हणतो" याऐवजी "मी हे असं पाळते, मला यात हे अवघड जातं" असं. आणि जो प्रश्न दुसऱ्याला विचारला, त्याचं उत्तर आधी स्वतः द्यायचं. हा दुसरा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. "तुमच्यात बायकांना बरोबरीचा मान आहे का?" असं विचारणाऱ्याने आधी आपल्या घरातलं सांगितलं, की प्रश्नाचा सूर बदलतो.

या संदर्भात क्रिस्टर स्टेंडाल यांचे तीन नियम सांगावेसे वाटतात. ते स्वीडनमधले ख्रिस्ती धर्मपंडित आणि स्टॉकहोमचे बिशप. १९८५ मध्ये तिथे मॉर्मन पंथाचं मंदिर उभं राहत होतं आणि त्याला विरोध होत होता, तेव्हा त्यांनी हे मांडले. दुसऱ्या धर्माविषयी जाणून घ्यायचं तर त्याच्या अनुयायांना विचारा, त्याच्या विरोधकांना नको. आपल्यातल्या उत्तमाची तुलना त्यांच्यातल्या वाइटाशी करू नका. आणि त्यांच्याकडे असं काहीतरी असेल जे आपल्याकडेही असावं असं वाटेल, त्या हेव्याला मनात जागा ठेवा. दुसरा नियम पाळायला सगळ्यात कठीण, कारण आपला धर्म आपण ग्रंथातून ओळखतो आणि दुसऱ्याचा बातम्यांतून. तिसऱ्यावर मी अनेकदा विचार करते. दुसऱ्यांच्या प्रार्थनेतली शिस्त, सेवेची रीत किंवा मृत्यूला सामोरं जाण्याची पद्धत पाहून "हे आमच्यात असतं तर!" असं वाटणं, आणि ते त्यांच्यासमोर बोलून दाखवणं. यात स्वतःचा धर्म सोडायची गरज नसते.

---

कंदील

विरोधी सूर लावतो, राग नसावा.

संवादाचा आग्रह नेमका कोणाला केला जातो ते पाहा. ज्याचं दुकान जळलं, ज्याचा माणूस गेला, त्याला सांगतात की या, बसा, मन मोकळं करा, पुढे चला. ज्यांनी जाळलं ते बैठकीला येत नाहीत आणि न्यायालयातही क्वचित उभे राहतात. अशा वेळी संवाद म्हणजे पीडिताने विसरावं यासाठीची गोड विनंती होते. न्याय आधी, गोलात बसणं नंतर.

नायजेरियातल्या कडुना शहराचं उदाहरण आंतरधर्मीय कामात नेहमी देतात. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये, दोघंही एके काळी आपापल्या धर्माच्या सशस्त्र गटांत. १९९२ च्या हिंसेत वुयेंनी हात गमावला, अशाफांनी आपले गुरू आणि दोन चुलतभाऊ. १९९५ मध्ये दोघांनी मिळून आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र काढलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच कडुनात २००० मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. दोन माणसांचं मन बदलणं आणि शहराचं राजकारण बदलणं, यांत फार अंतर आहे.

---

नदीकाठ

कंदील यांच्या शंकेला संशोधनातून काही आधार मिळतो, काही उत्तरही मिळतं.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हटलं होतं की नुसती भेट पूर्वग्रह कमी करत नाही. चार गोष्टी असतील तर करते: भेटीत दोघांचं स्थान बरोबरीचं असावं, उद्दिष्ट सामाईक असावं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय साधू नये, आणि कायदा, प्रशासन किंवा समाजातल्या मान्यवरांचा त्याला पाठिंबा असावा. उंबरठा यांनी सांगितलेली अडचण पहिल्या अटीची आहे आणि कंदील यांची चौथ्या. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतात हे त्यात दिसलं. चार अटी पूर्ण असतील तर परिणाम वाढतो, पण त्या नसल्या तरी थोडा होतोच.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग इराकमधला आहे. आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांपैकी काहींमध्ये मुसलमान खेळाडू घातले, काही संघ पूर्ण ख्रिस्ती ठेवले. कोणत्या संघात काय, ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. हा प्रयोग करणाऱ्या संशोधक सल्मा मूसा यांनी २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुसलमान खेळाडूंबरोबर सराव करत होते, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला जास्त तयार होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुसलमान खेळाडूला मत द्यायलाही. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही.

हे उंबरठा यांच्या शेजारणीसारखंच झालं. "हा चांगला" हे पटतं, "हे चांगले" इथपर्यंत मन जात नाही. ती उडी आपोआप होत नाही, तिच्यासाठी बोलावं लागतं. वाटाड्या आणि निळीशाई यांचे मार्ग म्हणूनच एकमेकांना लागतात. आधी काम, म्हणजे विश्वास बसेल. मग त्या विश्वासाच्या बळावर धर्माविषयीचं अवघड बोलणं.

---

वाटाड्या

नदीकाठ, हे पटलं. क्रम महत्त्वाचा, दोन्ही लागतात. माझं "नाव देऊच नका" पहिल्या काही महिन्यांपुरतं समजा.

---

अबोली

वाचतेय, खूप छान चर्चा. दोन गोष्टी.

बैठकीची वेळ कोण ठरवतं, यावर बैठकीत कोण असणार ते ठरतं. संध्याकाळी उशिरा ठेवली की बायका गळतात. प्रार्थनेच्या वेळी ठेवली की एक धर्म गळतो, उपासाच्या महिन्यात जेवणाच्या वेळी ठेवली की दुसरा. साप्ताहिक उपासनेचा दिवस प्रत्येकाचा वेगळा. आणि वेळ आधीच ठरवून "तुम्हाला चालेल ना?" असं विचारलं की अल्पसंख्य माणूस संकोचाने हो म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. जेवणाचंही तसंच. ज्याचे नियम सगळ्यात कडक, त्याला खाता येईल असं सगळ्यांसाठी ठेवावं. एकाला वेगळं ताट देऊन कोपऱ्यात बसवू नये.

दुसरं, तरुण. इंग्लंडमधल्या लेस्टरचं नाव सलोख्यासाठी घेतलं जायचं. तिथे १९८६ पासून सर्व धर्मांची परिषद आहे. तरीही २०२२ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर तिथे हिंदू आणि मुसलमान तरुणांमध्ये आठवडेच्या आठवडे तणाव राहिला, आणि समाजमाध्यमांवरच्या खोट्या बातम्यांनी तो वाढवला. दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी मिळून शांततेचं आवाहन केलं. मला यातून हे दिसतं की मोठ्यांची एकमेकांशी चांगली ओळख होती, पण रस्त्यावर आलेल्या मुलांची नव्हती. फोनवर अफवा येते ती सोळा-वीस वर्षांच्या मुलाला. त्याच्या फोनमध्ये दुसऱ्या धर्माच्या एका तरी मित्राचा नंबर हवा, ज्याला तो बिनधास्त विचारेल, "अरे, हे खरं आहे का?"

---

पिंपळसावली

छोटा प्रश्न: ज्यांचा कुठल्याच धर्मावर विश्वास नाही, त्यांनी अशा गटात यावं का? की त्यांची अडचणच होते?

---

निळीशाई

जरूर यावं. शहरात तेही राहतात, आणि अनेकदा सगळ्यात सरळ प्रश्न त्यांच्याकडून येतो. अट सर्वांना लागू तीच: कोणाला आपल्याकडे वळवायला आलेलो नाही. श्रद्धा लावायला नाही आणि श्रद्धा सोडवायलाही नाही.

कंदील, तुमच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं राहिलं. न्यायाऐवजी संवाद असं मी कुठेही म्हणणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला "या, बसा" म्हणण्याचा अधिकार मला नाही. तो आला तर त्याची अट चालेल, नाही आला तर तेही बरोबर. पण आपण ज्या वस्त्यांबद्दल बोलतोय तिथे अजून काही घडलेलं नाही. तिथे आज पाया घातला नाही तर उद्या न्याय मागायलाही माणूस एकटा पडतो. साक्षीदार म्हणून दुसऱ्या धर्माचा शेजारी उभा राहणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तो अनोळखी माणसासाठी सहसा उभा राहत नाही. कडुनाबद्दल: दोन माणसं शहराचं राजकारण बदलू शकत नाहीत, खरंय. म्हणूनच भिवंडीत एक मोठी समिती न करता वस्तीवस्तीत समित्या केल्या गेल्या.

---

कंदील

साक्षीदाराचा मुद्दा मी या बाजूने पाहिला नव्हता. यावर माझा विरोध नाही. तरी गटाच्या नियमांत हे लेखी असावं: आपल्यापैकी कोणावर धर्मामुळे अन्याय झाला, तर गट त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जाईल. फक्त दुःख व्यक्त करून थांबणार नाही. हे लिहायला कोणी तयार नसेल तर त्या गटात मी बसणार नाही.

---

निळीशाई

हे लिहायलाच हवं. मी घेतलं.

आतापर्यंतच्या चर्चेतून पहिल्या वर्षाचा आराखडा मांडून पाहते, सुधारा.

दहा-बारा माणसं, त्यांत निम्म्या बायका आणि किमान दोघंतिघं पंचविशीच्या आतले. एका धर्मातून एकटं कोणी नको, निदान दोघं, म्हणजे उंबरठा यांच्यासारखं ओझं एकावर पडणार नाही आणि एकाच धर्मातली दोन मतंही ऐकू येतील. चर्चा चालवणारे दोघं, वेगळ्या धर्मांचे. काही महिन्यांनी ते बदलायचे. महिन्यातून एकदा भेट, वेळ सर्वांना विचारून. सुरुवातीचे महिने परिसराचं एखादं खरंखुरं काम, जे एकट्याने होणार नाही असं. मग आयुष्याबद्दल: लहानपणी धर्म कसा भेटला, दुसऱ्या धर्माच्या माणसाशी पहिली मैत्री, श्रद्धेने कधी आधार दिला, कधी त्रास दिला. टोचणारे विषय त्यानंतर, आणि एका भेटीत एकच. उत्तर द्यायचं नसेल तर "पुढे जाऊ या" म्हणायचा हक्क प्रत्येकाला. आत बोललेलं बाहेर नावाने सांगायचं नाही. फोटो नाहीत, पाहुणे पुढारी नाहीत.

---

उंबरठा

फोटो नाहीत, याला दोन्ही हातांनी पाठिंबा. फोटो काढायचे म्हटलं की पहिल्या रांगेत वेशावरून धर्म ओळखू येईल अशी माणसं बसवतात, आणि माझ्यासारखी साध्या कपड्यातली मागे.

एक भर घाला. कोणी बोलताना दुखावलं गेलं तर त्याच भेटीत ते सांगायची वेळ राखून ठेवा, शेवटची पंधरा-वीस मिनिटं. नाहीतर माणूस न भांडता गट सोडतो आणि कारण कधीच कळत नाही. बहुतेक गट मला वाटतं असेच संपतात.

आणि टोचणाऱ्या विषयांत पहिला घर भाड्याने देण्याचा घ्या, मिरवणुकीचा नको. मिरवणुकीवर प्रत्येक जण आपल्या समाजाची बाजू घेऊन बोलतो. घराच्या प्रश्नात प्रत्येकाला स्वतःच्या सोसायटीत उद्या काय करणार ते सांगावं लागतं.

---

अबोली

सहमत. निळीशाई, आराखड्यात अफवांचंही घाला. गटातल्या प्रत्येकाने एकमेकांचे नंबर ठेवायचे आणि एवढंच ठरवायचं: धर्माशी जोडलेली कुठलीही भडक बातमी आली, तर पुढे पाठवण्याआधी त्या धर्माच्या सदस्याला फोन करायचा, रात्र असली तरी. ज्या भागातली बातमी आहे त्या भागात कोण राहतं ते आधीच लिहून ठेवा. खोटी निघाली तर दोन धर्मांच्या दोन सदस्यांच्या नावाने आपापल्या सोसायटीच्या गटात तसं कळवायचं. एकाच धर्माच्या माणसाने खोटी म्हटलं तर लोक त्यालाच पक्षपाती ठरवतात.

---

निळीशाई

घातलं, दोघींचंही. वाटाड्या, पहिल्या महिन्यांसाठी कामाची यादी तुम्ही कराल का? वस्ती मिश्र असेल, काम एकट्याने होणार नाही आणि तीन-चार महिन्यांत फळ दिसेल, अशी पाच-सहा कामं पुरतील.

---

वाटाड्या

करतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो.